पत्र्याच्या अलीकडे

१

आमच्या उत्तर किनाऱ्यावर मर्डॉक नावाचे नऊ जण आहेत, त्यातले सहा मॅक्लाउड. त्यामुळे इथे आडनावाला कोणी भीक घालत नाही. एक टपाल मर्डॉक, एक लांबडा मर्डॉक, एक दोन-बायका मर्डॉक आणि मी काजळी मर्डॉक. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरची धुराडी झाडायची, लाकडावरच्या शेगड्या तपासायच्या, मोडकं असेल ते दुरुस्त करायचं आणि विमा कंपनीसाठी दाखला लिहायचा, हा माझा बावीस वर्षांचा धंदा. दाखल्याच्या फॉर्मवर एक्केचाळीस प्रश्न असतात आणि उत्तर एक तर 'हो', नाहीतर 'नाही'. मला असे प्रश्न आवडतात. बायकोचे तसे नसतात.

ऑक्टोबर संपत आला होता. बुधवारी जेसीबेलमावशीचा फोन आला. बाई शहाऐंशी वर्षांची, पण आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा.

"मर्डॉक, आहेस की गेलास?"

"आहे मावशी, अजून तरी."

"मग उद्या ये. विमावाल्यांचं पत्र आलंय. शुक्रवारी पाचच्या आत माझ्या शेगडीचा दाखला पोचला नाही तर विमा बंद. आणि विमा बंद झाला की आमचा नील मला कॅलगरीला नेणार. तिकीट काढून बसलाय गाढव."

नील तिचा एकुलता मुलगा. इकडची निम्मी पोरं तिकडे तेलाच्या कामाला आहेत, तसाच तोही. मावशीचा नवरा अॅलेक डॅन जाऊन चार वर्षं झाली, म्हातारी एकटी राहते, याचा त्याला घोर. पोरगं वाईट नाही.

"त्याच्या फ्लॅटमध्ये बटण दाबलं की भिंतीत जाळ लागतो," मावशी म्हणाली. "असल्या जाळासमोर मी बसून काय करू? मला माझ्या घरात मरायचंय. तेही घाई न करता."

२

गुरुवारी सकाळी मी आणि रॅनी पोचलो. रॅनी माझा मेहुणा. पंचेचाळिशीचा गडी, ताकद घोड्याची आणि शिस्त वासराची. मावशीने थंडीसाठी पलंग खालच्या पुढच्या खोलीत आणून ठेवला होता, फायरप्लेसच्या समोरच. बाकीचं घर ती नोव्हेंबर ते एप्रिल बंदच ठेवते.

फायरप्लेस जुनी, दगडी. तिच्या तोंडात एक्याऐंशी साली अॅलेक डॅनने लोखंडी पेटी बसवली होती, काचेच्या दाराची. त्या काळी सगळ्यांनीच बसवल्या. उघड्या फायरप्लेसमध्ये ऊब धुराड्यातून ढगात जाते. पेटीत लाकूड जाळलं की ती खोलीत येते. पेटी अजून ठणठणीत होती. मी हातोडीच्या दांड्याने चारी बाजू वाजवून पाहिल्या, कुठे बद्द आवाज नाही. आतल्या दोन विटा तडकलेल्या, दाराच्या कडेचं, धूर अडवणारं गॅस्केट वाळून काथ्या झालेलं. एवढं किरकोळ.

किरकोळ नव्हतं ते मागे. त्या काळी पेटी नुसती तोंडात ढकलून द्यायचे आणि मोकळे व्हायचे. धूर पेटीच्या डोक्यातून मागच्या कोंदट पोकळीत शिरणार आणि तिथून स्वतःची वाट स्वतः शोधून वर जाणार. आम्ही तिला ढकलपेटी म्हणतो. मागे वर्षानुवर्षं डांबरासारखी काजळी साचते आणि एके दिवशी ती पेटते. दाखला हवा तर पेटी बाहेर काढून वरपासून खालपर्यंत स्टीलची नळी सोडायला हवी होती.

"दाजी, हिचं वजन किती?" रॅनीने विचारलं.

"दोनशे किलो."

"म्हणजे आमच्या ताईएवढं."

"हे मी तिला सांगणार आहे."

"नका सांगू, मी उचलतो."

फळ्या घालून, पहारीने रेटून, देवाचं नाव आणि इतर काही नावं घेत आम्ही पेटी बाहेर ओढली. मी तोंडाला फडकं बांधलं, कारण चाळीस वर्षांची काजळी आता अंगावर येणार होती. बॅटरी मारली.

पोकळी स्वच्छ होती.

म्हणजे नुसती कमी घाण नव्हे. झाडलेली. दगडांवर कापडाने पुसल्यासारखी झाक, आणि खालच्या लादीवर राखेचा पातळ थर, त्यात झाडूचे फराटे. एकाशेजारी एक, अर्धवर्तुळात, आमच्या बायका अंगण झाडतात तसे. फराटे मागच्या भिंतीपासून सुरू होऊन पेटीच्या पाठीपर्यंत येत होते.

"मावशी, पेटी बसवल्यावर मागे कधी कोणी गेलं होतं?"

"कसं जाणार? मांजर तरी मावेल का?" ती म्हणाली. मग आत डोकावून खूश झाली. "बघ, अॅलेक डॅनचं काम. सगळं कसं नीटनेटकं."

मी म्हटलं, जोराचा वारा आत घुसून काजळी उडवत असेल. वाऱ्याला झाडूचे फराटे येत नाहीत हे मला कळत होतं. पण फॉर्मवर सव्विसावा प्रश्न होता, 'पेटीमागील जागा स्वच्छ आहे का?' मी 'हो' लिहिलं.

३

नळी सोडायचं काम दोघांचं. एक जण छपरावर, दुसरा खाली फायरप्लेसच्या पोकळीत उकिडवा. नळीच्या टोकाला शंकूसारखं नाक असतं, नाकाला दोर. दोर आधी खाली सोडायचा. मग वरच्याने नळी लोटायची, खालच्याने दोर ओढायचा. एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून खुणा दोरावरच. एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे वर घे. धुराड्याला गळ्याशी वळण असतं आणि नळी तिथे हमखास अडते. साधारण तासभर जातो, आणि त्या तासात आम्ही दोघं एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करतो.

शुक्रवारी सकाळी ऊन होतं, समुद्र निळाशार, आणि मी छपरावर शीळ घालत होतो. दोर खाली सोडला. लगेच दोन झटके आले. आज रॅनी मनावर घेऊन काम करतोय, असं मला वाटलं. मी नळी सोडायला लागलो. ती लोण्यातून सुरी जावी तशी चालली. वळणाशी आली, क्षणभर थबकली. एक झटका. मी थांबलो. खाली काहीतरी सरकल्याची खरखर झाली. पुन्हा दोन झटके. मी सोडली आणि नळी वळण पार करून गेली.

सात मिनिटं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अजून दोनेक हात नळी जायची होती, तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार वाजलं. खाली अंगणात रॅनी उभा. एका हातात चहाचा मग, दुसऱ्या हातात ओटची जाड बिस्किटं, तोंड भरलेलं.

"दाजी," तो वर बघत म्हणाला, "मावशीने चहाला धरून बसवलं. नाही म्हणता येतं का? आता कधी सुरू करायचं?"

माझ्या हातातून नळी अजून खाली जात होती.

४

नळी सहा इंची, धुराडं चांगलं रुंद. बाजूला बॅटरी धरली की वळणापर्यंत दिसतं. मी धरली. खरं तर धरायला नको होती, पण हात आपले आपण गेले.

वळणाशी हात होते, मनगटापर्यंत काजळीने काळे. एक हात नळी दगडाला घासू नये म्हणून ती बाजूला धरून होता. दुसरा दोर खाली घेत होता. हे दोन असते तर मी म्हटलं असतं, गावातलं कोणीतरी मदतीला घुसलंय. आमच्याकडे लोक न सांगता येतात. पण तिसरा हात नळीच्या पोटावर हळूहळू थोपटत होता, अडलेल्या गाईला थोपटतात तसा.

मग बॅटरी हातातून निसटली आणि उतारावरून घरंगळत अंगणात रॅनीच्या पायाशी पडली.

मी शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. दोघं आत धावलो. पोकळीत कोणी नव्हतं. नळीचं नाक जिथे यायला हवं तिथेच, अगदी बोटभरही इकडेतिकडे नाही. दोर सोडवून ठेवलेला. ती गाठ मी स्वतः मारली होती आणि ताण बसल्यावर ती पकडीशिवाय सुटत नाही. दोराचं छान गोल वेटोळं करून लादीवर ठेवलं होतं, शेवटचं टोक आत खोचून.

"हे मी केलेलं नाही," रॅनी म्हणाला.

"ते दिसतंच आहे." रॅनीने जन्मात कधी दोर गुंडाळला नव्हता.

मी त्याला वर काय पाहिलं ते सांगितलं. तो बराच वेळ बिस्कीट चावत राहिला.

"आपले हातमोजे असतील. कालचे. वळणाच्या कपारीत अडकलेले, वाऱ्याने हलत असतील."

"तीन?"

"एक जादा असतो ना नेहमी." मग पोकळीकडे बघत म्हणाला, "दाजी, नाहीतर जे कोणी असेल त्याला कामावर घेऊन टाकू. माझ्यापेक्षा बरं आहे."

आम्ही हसलो. खरंच हसलो, पोट धरून. भीती वाटत असताना हसणं किती सोपं जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

५

मावशी चहाची किटली घेऊन आली. मी म्हटलं, विचारून बघावं.

"मावशी, या घरात तुम्हाला कधी काही वेगळं जाणवलं?"

"उंदीर आहेत."

"तसं नाही. म्हणजे, भीती वाटावी असं."

"भीती मला कॅलगरीची वाटते," ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "नीलचं घर चांगलं आहे. सून चांगली आहे. पण तिथे मला ओळखणारं कोणी नाही रे. दुकानात गेले तर कोणी विचारणार नाही की तू कोणाची. मर्डॉक, आज होईल ना?"

"होईल," मी म्हटलं. काय म्हणणार होतो?

आता पत्र्याचं काम होतं. बत्तिसावा प्रश्न: 'जुन्या धुराड्याचा गळा नळीभोवती पत्र्याने पूर्ण बंद केला आहे का?' नळीच्या मापाचं भोक पाडून पत्रा आडवा बसवायचा, म्हणजे वरची पोकळी वर आणि खालची खाली. छपरावरचं तोंड टोपण घालून आधीच बंद केलं होतं. मला हा पत्रा त्या दिवशी फार आवडला. वर काही असेल तर ते वरच राहील आणि मावशी खाली सुखात राहील. हे माझं मीच ठरवलं आणि जरा बरं वाटलं.

तरी आपली माणुसकी म्हणून पत्रा लावण्याआधी मी पोकळीत उभा राहिलो आणि वर तोंड करून म्हटलं, "हे पाहा, मी आता इथे पत्रा ठोकणार आहे. ज्याला जिकडे राहायचं असेल त्याने तिकडे व्हावं."

बाहेर रॅनी खिदळला. माझ्या खांद्याला काहीतरी चाटून गेलं, अरुंद बोळात माणूस अंग चोरून पुढे जातो तसं. उबदार होतं. नवं टोपण नीट बसलं नसेल, वारा येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मी वर बघत होतो, त्यामुळे ते कुठून कुठे गेलं ते समजलं नाही.

बारा स्क्रू मारले आणि कडांना सिमेंट भरलं. रॅनी म्हणतो, तेव्हा मी गाणंही म्हणत होतो.

६

तडकलेल्या विटा बदलल्या. गॅस्केट नवं घातलं. पेटी पुन्हा जागेवर ढकलली, नळी तिच्या डोक्याला जोडली. साडेतीन वाजले होते. रॅनी फळ्या गाडीत भरायला गेला आणि मी दाराची परीक्षा घ्यायला बसलो.

ती परीक्षा नोटेने घेतात. दारात नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर गॅस्केट ढिलं, अडली तर घट्ट. आताच्या नोटा प्लास्टिकच्या, घसरतात. म्हणून माझ्याकडे दोन डॉलरची जुनी कागदी नोट होती, कधीच बंद झालेली. ती मी पाकिटात देवाच्या तसबिरीसारखी जपून ठेवायचो. वरच्या कडेला धरली, अडली. बिजागरीकडे अडली. कडीकडे अडली. खालच्या कडेला धरली आणि ओढली.

आतून ओढली गेली.

दोनदा. छोटे छोटे झटके. दोन म्हणजे सोड. बावीस वर्षांची सवय, माझी बोटं आपोआप उघडली आणि नोट गॅस्केटखालून सावकाश आत गेली, पत्रपेटीत पत्र जावं तशी. मी दार उघडलं. नव्या पिवळ्या विटा, आणि काही नाही.

मावशी पलंगावर बसून बघत होती. तिने बाहेर जायचे चांगले कपडे घातले होते. दाखला मिळाला तर शेजारणीकडे पत्ते खेळायला जाणार होती, नाही मिळाला तर बॅग भरायची होती. दोन्हीला चालतील असे कपडे.

"घट्ट आहे?"

माझ्याकडे फॉर्म होता. एक्केचाळीस प्रश्न, एक्केचाळिसांचं उत्तर बरोबर. 'चिमणीत प्राणी किंवा घरटे आढळले का?' नाही. मी जे पाहिलं त्याला रकाना नव्हता. मी सही केली नसती तर सोमवारी ती विमानात असती, आणि कॅलगरीतल्या बटणाच्या जाळासमोर वर्षाच्या आत मेली असती. हे मला नक्की माहीत होतं. दुसरं काहीच नक्की माहीत नव्हतं. पण हेही खरं की मला तिथून लवकर निघायचं होतं, आणि त्याची मला लाज वाटते.

"घट्ट आहे," मी म्हटलं आणि सही केली. फॉर्मचा फोटो चार वीसला विमावाल्यांकडे गेला.

मग पहिला जाळ तिच्या हाताने लावला. बर्चची साल, बारीक काटक्या, वर दोन मॅपलचे ओंडके. धूर सरळ नळीत, खोलीत वाससुद्धा नाही. मावशीने टाळ्या वाजवल्या आणि रॅनीच्या गालाचा मुका घेतला. तो लाजला.

"एक लक्षात ठेवा," मी निघताना सांगितलं. "ही पेटी जुनी आहे, भरली तरी सहा तासांवर चालत नाही. रात्री दोनला एकदा उठून दोन ओंडके घालावे लागतील. काचेचं दार जड आहे, कडी बाहेरून दोन्ही हातांनी फिरवायची."

"म्हातारीला रात्री तसंही चार वेळा उठावं लागतं," ती म्हणाली. "एकदा जाळासाठी उठेन."

७

मला रात्रभर तो पत्रा दिसत होता. शनिवारी सकाळी बायको ओरडेपर्यंत कॉफीसमोर बसून राहिलो आणि शेवटी सात वाजता मावशीला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. मग तिचा आवाज आला, झोपाळलेला आणि खूश.

"कोण, मर्डॉक? अरे, काय देवाचं काम केलंस रे तू."

माझा जीव भांड्यात पडला. "झोप लागली का?"

"अशी झोप लग्नाच्या आधी लागली होती. दोनला उठलेच नाही. आत्ता डोळे उघडले, तर जाळ बघ कसा ढणढणतोय. तू म्हणालास सहा तास चालेल. रात्री आठला भरली होती, अकरा तास झाले."

"मावशी, लाकडं कोणी घातली?"

"तेच बघतेय. लाकडांचं खोकं रिकामं दिसतंय. भरलेलं होतं ना?" ती हसली. "झोपेत मीच उठून घातली असतील. नीलला मात्र सांगू नकोस."

असेल, मी म्हटलं. म्हातारी माणसं झोपेत चालतात. माझी आजी तर झोपेत कोंबड्यांना दाणे टाकून यायची.

"उठा आता, आणि जरा शेजारी जाऊन या," मी म्हटलं. "मी निघतोच आहे. येऊन एकदा बघतो."

"उठायचं तेच जमत नाहीये, म्हणून तर हसतेय," ती म्हणाली. "पांघरूण गादीखाली इतकं घट्ट खोचलंय, चारी बाजूंनी, मानेपर्यंत. लहान पोराला झोपवतात तसं. हलताच येत नाही बघ. हात आतच अडकलेत."

गाडीची किल्ली माझ्या हातात होती. दारापर्यंत गेलो होतो, तिथेच थांबलो.

"दोन्ही हात?"

"दोन्ही."

"मावशी," मी म्हटलं, "मग फोन?"

ती हसायची थांबली. लाकूड तडतडल्याचा आवाज आला, जवळून. मग ती बोलली, शेजारी कोणी निजलं असेल आणि जागं होऊ नये अशा बेताने.

"कानाला आहे," ती म्हणाली.